रात्री साडेदहाला उघडणारा डबा

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

वय ४२, बैठी नोकरी, घरी नवरा आणि ९ वर्षांची मुलगी. विशीपासून एकामागून एक डाएट झाली. दर वेळी वजन उतरलं आणि काही महिन्यांत परत आलं. गेल्या वर्षी कंटाळून त्यांनी डाएटचा नाद सोडला आणि ‘माइंडफुल ईटिंग’, म्हणजे सजगपणे, लक्ष देऊन खाणं, सुरू केलं. फोन लांब ठेवायचा, प्रत्येक घास ३२ वेळा मोजून चावायचा, दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवायचा, पोट ८० टक्के भरलं की उठायचं. सकाळी नुसती कॉफी, दुपारी वाटीभर सॅलड, रात्री आठला सगळ्यांना वाढता वाढता थोडंसं जेवण. दिवस छान निभतो. साडेदहाला सगळे झोपले की मात्र स्वयंपाकघरात दिवा न लावता बिस्किटांचा डबा उघडला जातो. उभ्या उभ्या, भराभर, पुडा संपेपर्यंत. रिकामा पुडा कचऱ्याच्या तळाशी दडपला जातो. आठवड्यातून दोनदा तरी हे घडतं, आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून दुपारपर्यंत काहीच खायचं नाही. मागच्या महिन्यात मुलीनं केकचा तुकडा हातात धरून विचारलं, “आई, हे खाल्लं तर चालेल ना?” तेव्हापासून त्यांना स्वस्थता नाही. त्या लिहितात, “शांतपणे बसून खायचं, इतकी साधी गोष्ट मला जमत नाही. माझ्यात एवढाही संयम का नाही? आणि हे माझ्या मुलीपर्यंत पोचण्याआधी मी काय करू?”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि दिवसभरात तुमच्या पोटात काय जातं तेवढंच समासात उतरवत गेले. कॉफी. वाटीभर सॅलड. ‘थोडंसं’ जेवण. शेवटच्या नोंदीखाली मी रेघ मारली. संयमाचं नंतर बघू, पण तुम्हाला दिवसभर भूक लागत नाही का हो?

लागतच असणार. सकाळी सातला उठत असाल, तर रात्री आठपर्यंतचे १३ तास तुम्ही एका वाटीवर काढता. तेही नोकरी करून, घर सांभाळून, मुलीच्या मागे धावून. हे करणाऱ्या बाईत संयम नाही, हे मला पटत नाही. तुमच्याकडे संयम इतका आहे की तो दिवसभर पुरतो आणि रात्री साडेदहाला संपतो. त्या वेळी डबा उघडणाऱ्या हाताला तुम्ही कमकुवत म्हणता. मला तो हात उपाशी वाटतो.

याबद्दल एक जुना प्रयोग तुम्हाला सांगायलाच हवा. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीनं खंगलेल्या लोकांना परत खातंपितं कसं करायचं, हे समजून घ्यायचं होतं. हे सगळे स्वखुशीनं आलेले, शरीरानं आणि मनानं ठणठणीत म्हणून मुद्दाम निवडलेले तरुण होते. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं, हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्या डोक्यात जे झालं त्याची कोणी फारशी कल्पना केली नव्हती. त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले तरुण पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, कृती उतरवून ठेवायला लागले, ताटल्या चाटायला लागले. निर्बंध उठल्यावरही त्यांच्यातले कित्येक जण भरपेट जेवून उठायचे आणि तरी समाधान व्हायचं नाही. हे कित्येक आठवडे चाललं.

त्यातली एक बारीकशी गोष्ट मला तुमच्या पत्रामुळे पुन्हा आठवली. अर्धपोटी असताना ही मुलं अतिशय हळू खायची. एकेका घासाशी खेळत, पुरवून पुरवून, समोरचं संपू नये म्हणून. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, किती शांतपणे जेवतात! तुमची अवस्था त्यांच्यासारखी आहे असं मला म्हणायचं नाही. पण वाटीभर सॅलड प्रत्येक घासाला ३२ वेळा चावून खाताना तुम्ही खरंच सजग असता, की ती वाटी पुरवत असता? हे तुमचं तुम्हीच तपासून पाहा.

आता तुमच्या रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येऊ. पहिलं बिस्किट भुकेपोटी गेलं असं मानलं, तरी अख्खा पुडा का जातो? याचं उत्तर १९७५ च्या एका प्रयोगात सापडतं. काही विद्यार्थिनींना ‘चव घेऊन सांगा’ या निमित्तानं आइस्क्रीम दिलं गेलं, हवं तितकं. त्यातल्या काहींना त्याआधी मिल्कशेक प्यायला दिला होता. ज्या एरवी खाण्यावर निर्बंध घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, साहजिकच. ज्या कायम तोलूनमापून खायच्या, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. ‘आता मोडलंच आहे, तर मोडू दे.’ तुम्ही हे वाक्य मनाशी किती वेळा म्हटलं असेल? बांध जितका उंच, तितका तो फुटल्यावर लोंढा मोठा. आणि सकाळी तुम्ही तो बांध आणखी दोन हात चढवता, दुपारपर्यंत काहीच न खाऊन.

म्हणजे तुमचं रात्रीचं खाणं आणि दिवसाचं न खाणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तुम्हाला वाटतं, दिवसा वागते ती खरी मी आणि रात्री बिघडते ती माझी चूक. मी उलट म्हणेन : दिवसाचं हिशेबीपण बदललं नाही, तर रात्र बदलणार नाही.

आणि इथेच माइंडफुल ईटिंगबद्दल थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी नाही. ते ज्या रूपात तुमच्यापर्यंत पोचलं, त्याच्याशी. ३२ वेळा चावणं, ८० टक्क्यांवर उठणं, चमचा खाली ठेवणं : ही सगळी नियमावली आहे. डाएटचा तक्ता गेला आणि त्याच खिळ्यावर हा तक्ता लागला. ८० टक्के झाले हे कोण मोजणार? पोटाला काटा लावलेला नाही. आणि घास मोजून चावण्याचं म्हणाल, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होरेस फ्लेचर नावाच्या एका अमेरिकी गृहस्थानं याचंच मोठं वेड पसरवलं होतं. घास पातळ होईपर्यंत चावत राहा, असं तो सांगत फिरायचा. चावून खाणं चांगलंच आहे, पण आकडा मोजत असताना तुमचं लक्ष आकड्यावर असतं. चव तोपर्यंत गिळून होते.

सजगतेचे हल्लीचे बरेचसे कार्यक्रम ज्यातून निघाले, तो उपक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट वेदना आणि आजारपण घेऊन आलेल्या रुग्णांसाठी. वजन कमी करणं हा तिथला विषयच नव्हता. त्यात एक सराव असतो : एक बेदाणा हातात घ्यायचा, जणू असली वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच दिसते आहे असा बघायचा, त्याच्या सुरकुत्या, त्याचा चिकटपणा, वास, मग जिभेवर ठेवायचा, मग चावायचा. बस. त्यात पास-नापास नाही. मन भरकटलं तर ते भरकटलं हे लक्षात येणं, हाही सरावच. पुढे जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी खाण्यावरचा ताबा सुटणाऱ्या लोकांसाठी याच धर्तीवर कार्यक्रम बांधला. तिथेही ज्या पदार्थांची धास्ती वाटते, त्यांच्यापासून पळायला शिकवत नाहीत. ते समोर घेऊन, चव घेत खायला शिकवतात.

तुमच्या पत्रात ‘चव’ हा शब्द एकदाही आलेला नाही. संयम चार वेळा आला, वजन सहा वेळा. बिस्किटं कुठली, कुरकुरीत की मऊ, लोण्याची की चॉकलेटची, तुम्हाला ती मुळात आवडतात का, काहीच कळत नाही. अंधारात, उभ्यानं, कानोसा घेत खाल्लेल्या गोष्टीला चव लागणार तरी कशी म्हणा.

म्हणून परवा मी स्वतःच बसले. दुपारी जेवण झाल्यावर तासाभरानं, खिडकीपाशी, ताटलीत ४ बिस्किटं घेऊन. पहिल्याचा कोपरा तोडला तेव्हा आवाज झाला, कोरडा, बारीक. आधी गोडी आली नाही. आधी भाजल्याचा वास आला, नाकातून मागे जाणारा. गोडी दुसऱ्या चावण्याला आली आणि त्याच्याही मागून लोण्याची चव, टाळ्याला लागून राहणारी. दुसरंही तितकंच छान होतं. तिसऱ्याला मी कुरकुरीतपणा ऐकायचा विसरले आणि दाढांत पीठ साचल्याचं जाणवलं. चौथं निम्मं खाऊन ठेवलं. मनाला आवर घालून नव्हे. त्यात मला आता काही मिळत नव्हतं, इतकंच.

हे सगळ्यांच्याच बाबतीत घडतं. एकच चव खात गेलं की तिच्यातला आनंद उतरत जातो आणि दुसऱ्या चवीसाठी मात्र जागा असते. म्हणून तर पोट भरल्यावरही गोडाला कोपरा सापडतो. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याचा बारकाईनं अभ्यास केला. हा उतार शरीर आपल्याला आपसूक देतं. तो दिसायला उजेड लागतो, थोडा वेळ लागतो आणि, हे फार महत्त्वाचं, पोट आधी भरलेलं लागतं. रिकाम्या पोटी भुकेला कोंडाही गोड लागतो, मग बिस्किटाचं काय! आणि कधी चौथंही पहिल्याइतकंच छान लागेल. तेव्हा चौथं खा. हा कमी खाण्याचा छुपा डाव ठरला, तर तुमचं शरीर तो दोन दिवसांत ओळखेल.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर माझं स्वतःचं दुपारचं जेवण बदललं. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांवर एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. काही मिनिटांपूर्वीचंही त्यांना आठवायचं नाही. त्यांना जेवण दिलं, ताट उचललं, आणि १० ते ३० मिनिटांनी पुन्हा जेवण समोर ठेवलं. ते पुन्हा जेवले. बऱ्याचदा तिसऱ्यांदाही सुरुवात केली. पोट तर भरलेलं होतं, पण आपण जेवलो आहोत ही आठवण नव्हती. तृप्ती नुसती जठरात नसते. जेवल्याची आठवणही आपल्याला थांबवते. मी कित्येक वर्षं कामाच्या टेबलावर पडद्याकडे बघत जेवले. एकदा डब्यात चमचा घातला तर खाली धातूचा आवाज आला. डबा संपलेला होता आणि आत काय होतं ते सांगता येईना. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी तीनदा काहीबाही खाल्लं. तुमचं रात्रीचं आठचं जेवण असंच होत असणार. सगळ्यांना वाढता वाढता, अर्धं लक्ष मुलीच्या ताटात, उरलेलं ८० टक्क्यांच्या हिशेबात. साडेदहाला तुम्हाला जेवल्यासारखं वाटत नसेल, तर त्यात नवल ते काय?

तर आता करायचं काय. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून मी पहिल्याच गोष्टीवर जास्त बोलणार आहे.

तीन आठवडे सजगता वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि फक्त वेळेवर, पोटभर खा. उठल्यावर तास-दीड तासाच्या आत काहीतरी खरंखुरं पोटात जाऊ दे. दुपारी सॅलड हवं तर घ्या, पण ते जेवणाच्या बरोबर, जेवणाच्या जागी नको. ताटात पिष्टमय काही, प्रथिनं असलेलं काही आणि थोडं तेल-तूप-लोणी असेल असं पाहा. या तिन्ही गोष्टी असल्या की भूक जरा दमानं परत येते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मधलं खाणं. मग रात्रीचं जेवण, बसून. दोन खाण्यांत जागेपणी ३-४ तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. ताबा सुटून खाण्याच्या त्रासावर जे मानसोपचार केले जातात, त्यांतही सुरुवातीची पायरी हीच असते : ३ जेवणं, २ किंवा ३ मधली खाणी, भूक असो नसो, ठरल्या वेळी. पहिल्या आठवड्यात तुम्हाला भयंकर भीती वाटेल. ‘दिवसाही खायचं आणि रात्रीही खाल्लं गेलं तर?’ कदाचित काही रात्री तसं होईलही. तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवायचा नाही. माझं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं धरून ठेवा. पुडा संपलेल्या रात्रीनंतरची सकाळ ही नेहमीसारखी सकाळ असली पाहिजे. उपाशी दुपार हे प्रायश्चित्त नाही, ती पुढच्या रात्रीची तयारी आहे.

वजनकाटा या काळात माळ्यावर टाका. कॅलरी मोजणारं ॲप फोनमध्ये असेल तर काढा.

भूक जरा वेळापत्रकावर आली की मग लक्ष देऊन खाणं सुरू करा, आणि तेही थोडंसंच. दिवसातलं एकच खाणं निवडा आणि त्याचे फक्त पहिले तीन घास. पहिला घास घेण्याआधी वास घ्या. तो गरम आहे, कोमट आहे, मीठ पुढे आहे की आंबट, दाताखाली काय येतं, एवढंच. चौथ्या घासापासून गप्पा मारा, हसा, मुलीच्या शाळेच्या गोष्टी ऐका. लोकांबरोबर खाणं हीसुद्धा खाण्यातली मोठी चव आहे आणि गंभीर चेहऱ्यानं जेवणारी आई मुलांना आवडत नाही. जेवण अर्ध्यावर आलं की एकदा मनाशी विचारा, ‘कसं लागतंय?’ ‘किती झालं?’ हा प्रश्न आला तर तो जुना पहारेकरी आहे. त्याला उत्तर द्यायची गरज नाही.

आता त्या साडेदहाच्या वेळेविषयी. तुम्ही लिहिलंय, सगळे झोपल्यावर. मला वाटतं, दिवसभरात कोणी तुमच्याकडे काही मागत नाही अशी ती एकच वेळ आहे. म्हणून मला शंका येते की त्या डब्यात बिस्किटांबरोबर आणखीही काही आहे. एकांत आहे, दिवस संपल्याची खूण आहे, कुणाला न विचारता काहीतरी घेण्याची मुभा आहे. तुमच्या त्या गरजेला मी नावं ठेवणार नाही. माणसं पोटासाठी खातात तशी मनासाठीही खातात, आणि त्यात गैर नाही. अडचण होते ती मनासमोर दुसरं काहीच नसतं तेव्हा. तेव्हा डब्यापाशी गेल्यावर स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. आत्ता समोर अगदी साधं, बिनचवीचं, रोजचं अन्न आलं तर खाईन का? ‘हो’ आलं तर ती पोटाची भूक आहे, तेव्हा साधं पण नीट काहीतरी खा आणि हवी तर बिस्किटंही घ्या. ‘नाही, मला बिस्किटच हवं’ असं आलं, तरी बिस्किट घ्या. फक्त दिवा लावा, ताटली घ्या आणि खुर्चीवर बसा. आणि खाताना हेही बघा की अजून काय हवं होतं. दहा मिनिटं गच्च डोळे मिटून पडणं? कुणाशी तरी बोलणं? आज ऑफिसात गिळलेला राग? दर वेळी उत्तर सापडणार नाही. माझ्या अनुभवात चार-पाच वेळा विचारल्यावर एकदा सापडतं. आणि घरातल्यांना स्पष्ट सांगून ही एकांताची वेळ साडेनऊला आणता आली, तर जरूर आणा. थकल्यावर आणि झोप कमी झाल्यावर भूक वाढते, हे तर तुम्हाला अनुभवानं माहीत असेलच.

या सगळ्यानं वजन उतरेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते ओळीओळीतून डोकावतं. मी तसं वचन देणार नाही. काहींचं थोडं उतरतं, काहींचं तिथेच राहतं, काहींचं आधी थोडं वाढतं. ‘नीट खायला शिकेन, पण बारीक होत असेन तरच’ अशी अट मनात ठेवलीत, तर काही महिन्यांत हा तक्ताही खिळ्यावरून उतरेल. रात्री चोरून न खाता झोप लागणं, जेवताना चव लागणं, उरलेला दिवस खाण्याच्या विचारातून मोकळा होणं, हे तुमच्यासाठी मोलाचं आहे का? मला वाटतं, आहे. नाहीतर तुम्ही इतकं मोठं पत्र लिहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला सरळ सांगायला हवी. थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, ताबा सुटल्यासारखं वाटणं, घाईघाईनं, लाजेपोटी एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असं ३ महिने चालणं, या लक्षणांना वैद्यकशास्त्रात ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ म्हणतात. २०१३ पासून मानसोपचाराच्या अधिकृत निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद आहे. तुम्हाला तोच त्रास आहे की नाही हे पत्रावरून मी ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. पण तुमचं वर्णन त्याच्या इतकं जवळ जातं की तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना एकदा भेटावं, असं मी मनापासून सांगते. याला उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. जाताना हे पत्रच घेऊन जा. पहिल्या भेटीत बोलायला तोंड उघडत नाही, तेव्हा कागद उपयोगी पडतो.

असाच त्रास असलेल्या इतर वाचकांनीही दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, शिक्षा म्हणून तासन्‌तास व्यायाम करणं यातलं काही होत असेल, तर डॉक्टरकडे जायला थांबू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘भूक लागेल तेव्हा खाईन’ हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नये. आणि ज्यांनी पूर्वी स्वतःची उपासमार करून घेतली आहे, त्यांच्या पोटाची हाक कित्येक दिवस नीट ऐकू येत नाही. त्यांनी भुकेची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे खावं, जाणकाराच्या देखरेखीखाली.

आता तुमच्या लेकीबद्दल. तिनं केकविषयी विचारलं नाही, परवानगीविषयी विचारलं. खाण्याआधी कुणालातरी विचारावं लागतं, हे तिच्या ध्यानात आलंय. ९ व्या वर्षी हे सहज पुसता येतं, आणि त्यासाठी तिला बसवून भाषण द्यायची गरज नाही. घरात ‘चांगलं खाणं’ आणि ‘वाईट खाणं’ हे शब्द बंद करा. स्वतःच्या पोटाबद्दल, मांड्यांबद्दल तिच्यासमोर बोलणं बंद करा. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याबद्दल एक वाटणी सांगितली आहे, ती मला फार आवडते : काय, कधी आणि कुठे खायला द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, आणि खायचं की नाही, किती खायचं, हे मुलानं. तिचं पोट तिच्यापाशी आहे, त्याची मोजदाद तिला करू द्या. आणि पुढच्या वेळी तिनं तसंच विचारलं, तर “चालेल की, आवडतो ना तुला?” एवढंच म्हणा. मग तिच्या शेजारी बसा आणि स्वतःसाठीही एक तुकडा कापा. तो तिच्यासमोर, उजेडात, चव घेत खा. तुम्हाला कसा लागला ते तिला सांगा आणि तिला कसा लागला ते विचारा.

उद्या सकाळी कॉफीबरोबर काय खाणार आहात, ते आजच ठरवून ठेवा. आणि तीन आठवड्यांनी मला परत लिहा. किती खाल्लं ते नको. बिस्किट कुठलं होतं आणि कसं लागलं, ते लिहा.